कोंबड्यांची गादी

आमच्या घरात अख्ख्या मोहल्ल्याच्या झोपेची तयारी होत असे. अब्बा पिंजारी होते. पुढच्या खोलीत आढ्याला कापूस पिंजायचं धनुष्य, पिंजण, टांगलेलं असायचं. लाकडी दस्त्यानं त्याच्या ताणलेल्या दोरीवर, तांतेवर, ठोका दिला की दबून बसलेला कापूस भुईवरून उसळायचा आणि सगळ्या खोलीत त्याचा धूर व्हायचा. तो आवाज कसा होता हे मला नेमकं सांगता येत नाही. ढोलकीहून ओला, विहिरीत पाणी आपटल्यासारखा काहीतरी. त्या आवाजावर आम्ही जेवलो, निजलो, पाढे पाठ केले. मागच्या खोलीत अम्मा आणि माझी मोठी बहीण हलीमा आपा खोळी शिवत. आपल्या अंगाखाली जी गादी असते तिच्या आत कापूस धरून ठेवणारी एक साधी खोळ असते आणि तिच्यावर दिसायला चांगला गलेफ असतो. दोन्ही वेगवेगळे शिवायचे, हा आमच्या घरातला पहिला धडा. कापूस केसांत असे, पापण्यांवर असे, अंबाडीची भाजी नि ज्वारीची भाकर खाताना दातात एखादा तंतू अडके. तो आम्ही पिढ्यान्‌पिढ्या गिळत आलो होतो, म्हणूनच बहुधा आमच्यात कुणाला त्याची भीती वाटली नाही.

आपाला जाऊन अजून चाळीस दिवस झालेले नाहीत. मी दोन ओळी लिहिते आणि उठते. गॅस बंद आहे का पाहते, दाराची कडी पाहते, परत येऊन बसते. सून म्हणते, अम्मी, एका जागी बसा ना. बसता येत नाही. मी बारा वर्षांची होते त्या वर्षीही मला असंच बसता येत नव्हतं. आज सांगायचं आहे ते त्याच पावसाळ्याचं आहे, आणि ते कोंबड्यांखाली काय अंथरावं याविषयी आहे. हसू येईल वाचणाऱ्याला. आम्हीही आधी हसलोच होतो.

अम्मा त्या वर्षी खाटेवर होती. मेलेलं मूल जन्मलं होतं आणि त्यानंतर तिच्या अंगातलं रक्तच सरल्यासारखं झालं. तोंड भिंतीकडे, पाठ आमच्याकडे. अब्बांचं पिंजण सुरू झालं की ती कानावर पदर ओढून घेई. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज एक ताजं अंडं, कोमट दुधात फेटून, थंडी येईपर्यंत. ताजं म्हणजे त्याच दिवसाचं. पावसाळ्यात बाजारातली अंडी हलवून पाहिली तर आत पाणी वाजे. शिवाय रोज विकत घेणं आमच्या घराला झेपणारं नव्हतं. म्हणून सगळी भिस्त आमच्या परसातल्या सात कोंबड्यांवर. त्या आपाच्या होत्या. आदल्या पावसाळ्यात आठ होत्या, त्यातली एकही दिवाळी पाहू शकली नव्हती. आमची जमीन काळी. पहिल्या झडीतच खुराड्यात चिखल झाला, त्यात त्यांची घाण मिसळली, पाय सुजले, डोळे चिकटले आणि एकेक गेली. या वर्षीच्या सात तिनं दिवाळीनंतर लगेच पिल्लांपासून वाढवल्या होत्या.

आणि त्या सातांवर आणखी एक गोष्ट टांगलेली होती. आपाचं लग्न संग्रामपूरला ठरलं होतं. माणसं चांगली होती, त्यांचाही धंदा आमचाच. एकदा तारीख पुढे ढकलून झाली होती. नवऱ्या मुलाच्या मामूंनी निरोप दिला होता, "पावसाळा जाऊ द्या, दिवाळीपर्यंत थांबतो. त्यावर मात्र नाई." आणि आपानं अब्बांना उंबऱ्यात उभं राहून सांगितलं होतं, "अम्मा उठून बसल्याबिगर मी जात नाई. मोडलं तं मोडू द्या." हे बोलताना तिचे हात पाठीमागे होते. मी मागे उभी होते, म्हणून मला ते दिसले. ओढणीचं टोक ती पिळत होती. तिला जायचं होतं. पेटीत तिची स्वतःची रजई अर्धी टाचून पडली होती, आणि कुणी नसताना आपा ती उघडून पाहत असे.

त्या उन्हाळ्यात गावात शेतकी प्रदर्शन भरलं होतं. कापसाची बियाणी, लोखंडी नांगर, आणि एका जाळीत विलायती पांढऱ्या कोंबड्या. मी अब्बांबरोबर गेले होते. जाळीपाशी टोपी घातलेला एक कारकून पत्रकं वाटत होता. मराठीतली संपली होती, इंग्रजीतली उरली होती. अब्बा म्हणाले, "द्या साहेब, आमची पोरगी इंग्रजी शिकते." कारकुनानं माझ्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं आणि दिलं. पिंजाऱ्याची मुलगी इंग्रजी शिकते हे तेव्हा आमच्या मोहल्ल्यातलं एकमेव उदाहरण होतं. उर्दूची मुलींची शाळा लांब होती म्हणून मला जवळच्या मराठी शाळेत घातलं गेलं, आणि तिथल्या बाईंनी मला पुढे ढकलत ढकलत इंग्रजीच्या वर्गापर्यंत आणलं. पत्रकाच्या माथ्यावर मध्यप्रांत व वऱ्हाडचा छाप होता. मी ते छातीशी धरून घरी आणलं.

बाईंकडून इंग्रजी-मराठी कोश मागून आणला. पुठ्ठा सुटलेला, वाळवीनं कडा खाल्लेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परसात सगळे जमले. अब्बा विडी ओढत होते. आपा तुराट्यांच्या कुडाला काड्या बांधत होती. शेजारच्या गोदाकाकू भिंतीवरून डोकावत होत्या. त्यांच्याकडे दोन बैल, एक म्हैस, आणि प्रत्येक गोष्टीवर मत. अम्माची खाट दाराशी ओढली होती, तोंड आतल्या बाजूला. मी मोठ्यानं वाचायला लागले. पहिल्याच वाक्यात शब्द आला 'लिटर'. आज हा शब्द उच्चारला की लोकांना दूध आठवतं. तेव्हा तो कुणाच्या कानावरूनही गेलेला नव्हता. कोशात पाहिलं, पहिलाच अर्थ, आणि मी खणखणीत आवाजात भाषांतर केलं, "पावसाळ्यात कोंबड्यांच्या खुराड्यात सहा इंच जाडीची डोली ठेवावी."

काकू भिंतीपलीकडून म्हणाल्या, "अवं माय! डोली? काऊन, लगन हाय का त्यायचं?"

"वाच, वाच," अब्बा म्हणाले. विडी त्यांच्या बोटात हलत होती. "डोली उचलाले कहार किती लागतीन ते बी लिहिलं असंन."

"एका कोंबडीले चार कहार, म्हंजे सातले अठ्ठावीस," आपा म्हणाली. "सलमा, तुह्या साहेबाले म्हण, मले एक मिळून नाई राह्यली अजून, न् कोंबड्यांच्या डोल्या!"

तिच्या बोलण्यावर अब्बा ठसका लागेपर्यंत हसले. काकू भिंतीवरून खाली उतरल्या, बहुतेक हसून पडल्या. खाटेवरून आवाज आला नाही, पण अम्माचा खांदा हललेला मी पाहिला. मला मात्र रडू फुटत होतं. मी कोशातला पुढचा अर्थ पाहिला, तिथे 'एका वेताची पिल्ले' होतं, त्याच्यापुढे 'केरकचरा', आणि अगदी शेवटी 'जनावरांखाली घालण्याचे गवत वगैरेचे अंथरूण'. म्हणजे हे होतं. मी तेही वाचून दाखवलं, पण माझं ऐकायला कुणी उरलं नव्हतं. पुढे आठवडाभर काकू मला भेटल्या की विचारत, "काय वं इंग्रजीवाली, वरात कवा हाय?"

हे इतकं सविस्तर सांगते आहे त्याला कारण आहे. त्या संध्याकाळनंतर मी ते पत्रक एकटीनंच वाचायचं ठरवलं. कुणाला विचारायचं नाही, बाईंनाही नाही. अडलं तर अडलं. आणि पत्रकाच्या दुसऱ्या पानावर, तळाशी, एक ओळ होती. लांब धाग्याचं लिटर टाळावं, ते 'क्रॉप'मध्ये गोळा होतं, असं काहीसं. क्रॉप म्हणजे काय हे मला कोश न उघडता येत होतं. चौथ्या पुस्तकातच होतं ते, क्रॉप म्हणजे पीक. शेतकी खात्याचं पत्रक, त्यात पीक येणारच. खुराड्यातला कचरा पुढे खत म्हणून शेतात घालतात, तेव्हा धाग्यांचे गोळे पिकात राहत असतील, असा अर्थ मी लावला. आमच्याकडे शेत नव्हतं. ती ओळ मी सोडून दिली.

अब्बा मृगाच्या आधी संग्रामपूरकडे गेले. लग्नसराईच्या उरलेल्या गाद्या तिकडच्या गावांतून भरून द्यायच्या होत्या. पिंजण खांद्यावर घेऊन ते गेले आणि घरात एकदम शांतता झाली. मला ती सोसेना. मी दाराबाहेर जाऊन आभाळ पाही, परत येई, अम्माच्या छातीची हालचाल पाही, परत बाहेर जाई. आपा म्हणाली, "भोवऱ्यावानी काऊन फिरून राह्यली? ये, माह्यासंग कामाले लाग. पाऊस पडाच्या आधी खाली काय टाकाचं ते ठरवू."

आपाला अक्षर येत नव्हतं, पण गोष्ट पारखायची तिची स्वतःची रीत होती. खोळीचं कापडसुद्धा ती ओलं करून, चुरगाळून, रात्रभर ठेवून मग घेई. तिनं सहा मातीच्या वाट्या आणल्या आणि प्रत्येकीत एकेक जिन्नस दाबून भरला. नाल्यातली वाळू. चुलीतली राख. काकूंनी दिलेलं तुरीचं कुटार, मळणीत उरणारा चुरा. सुताराकडचा लाकडाचा भुसा. कडुनिंबाचा वाळका पाला. तेलघाणीच्या मागे ढिगानं पडणारी भुईमुगाच्या शेंगांची टरफलं. प्रत्येक वाटीत एक पेलाभर पाणी ओतलं आणि वर तळहात दाबून बसून राहिली, डोळे मिटून, जणू काही ती ताप पाहते आहे. वाळूतून पाणी सरळ खाली गेलं, पण हात गारठला. राखेचा गारा झाला, पाला चिकटून काळा पडला. कुटारानं पाणी प्यायलं, पण दुसऱ्या दिवशी वाटीला आंबट वास आला आणि तिसऱ्या दिवशी किडे. काकूंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आमच्या बैलायले तं कधी वास नाई आला." आपा म्हणाली, "बैल चोचीनं उकरते का काकू?" भुसा चांगला होता, पण त्याची धूळ उडे आणि कोंबड्या शिंकत. कोंबडी शिंकते हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. टरफलांनी पाणी फारसं प्यायलं नाही, पण ती दबली नाहीत. खालची ओली राहिली तरी वरची दुसऱ्या दिवशी खडखडीत होती. आपानं ती वाटी बाजूला काढून ठेवली.

तेव्हा मी म्हटलं, "कापूस राहिला."

कोपऱ्यात जुन्या गाद्यांतून काढलेल्या कापसाचा ढीग कायम असे. वर्षानुवर्षं अंगाखाली दबलेला, पिवळा पडलेला, कितीही पिंजला तरी न फुलणारा. आमच्या धंद्यात त्याला 'मुर्दा' म्हणत. मी त्याची एक मूठ आणून वाटीत भरली, पाणी ओतलं, आणि वाटी उलटी केली. एक थेंब पडला नाही. पत्रकात लिटरचे गुण दिले होते, कोरडं, हलकं, मऊ, पाणी शोषणारं. मी ते बोटांवर मोजून दाखवले. चारही गुण आमच्याच घरात कोपऱ्यात पडले होते. इंग्रजीही माझी आणि कापूसही आमचा. इतका आनंद मला कुठल्याच परीक्षेत झाला नव्हता.

आपा वाटीकडे पाहत राहिली. "कोंबडी जे दिसंन त्याले चोच मारते, सलमा. कापूस खाल्ला तं?"

"आपण नाही का खात? रोज खातो."

"आपल्याले दात हायेत."

"पुस्तकात आहे का तसं? असतं तर लिहिलं असतं त्यांनी." हे मी म्हटलं. वाक्य जसंच्या तसं आठवतं. म्हणताना ती ओळ माझ्या डोळ्यांसमोरून गेली का? इतकी वर्षं मी स्वतःला विचारते आहे. कधी वाटतं, गेली, एखादा पक्षी अंगणावरून जावा तशी. कधी वाटतं, नाही, हे मी नंतर जोडलं. आणि एखाद्या वाईट दिवशी याहून वाईट वाटतं, की कोंबड्या मेल्या, अम्मा उठली नाही, तर आपा जाणार नव्हती, आणि ती जाऊ नये असं मला वाटत होतं. बारा वर्षांच्या मुलीच्या मनात काय काय असतं हे ऐंशी वर्षांच्या बाईला कसं कळावं.

आपानं टरफलांची वाटी रिकामी केली. "बरं. तू शिकली हाय. तू म्हणतं तं कापूस टाकू."

पाऊस आला तेव्हा खुराड्यात टीचभर जाड गादी पडलेली होती. अशी गादी कुठल्या कोंबडीला मिळाली नसेल. वर डब्यांच्या पत्र्याचं छप्पर, त्यावर पावसाचा ताशा, आणि खाली सात कोंबड्या पिवळ्या कापसात बुडून बसलेल्या, नुसती डोकी वर. काकू पाहायला आल्या आणि म्हणाल्या, "माह्या सुनेले बी अशी गादी नाई दिली म्या." पाय कोरडे, डोळे स्वच्छ. बदामी रंगाची एक होती, तिला आम्ही बेगम म्हणत असू. ती रोज अंडं देई, तेही सकाळीच. मी ते गरम गरम हातात घेऊन आत धावे. अम्मा दूध प्यायची आणि पुन्हा भिंतीकडे वळायची, पण पेला पूर्ण रिकामा असे. आठ दिवस असे गेले. नवव्या दिवशी अंडी दोनच आली. दहाव्या दिवशी एकही नाही.

आधी वाटलं पावसानं. मग पाहिलं तर त्या दाणे टिपत होत्या, पण गिळत नव्हत्या. मान लांब करायच्या, चोच उघडायच्या, झटके द्यायच्या. गळ्याखाली लिंबाएवढा कठीण गोळा. तोंडाला आंबट घाण. एक गेली. दुसऱ्या दिवशी दोन गेल्या. काकू म्हणाल्या, मरी आहे, बाकीच्या हंडीत टाका लवकर. मी घरातून खुराड्याकडे आणि खुराड्यातून घराकडे नुसती चालत होते. शाळेत गेले तर तासाला बाहेर जाऊ द्या म्हणून हात वर करी आणि फाटकापर्यंत जाऊन परत येई, जणू तिथून मला आमचं परस दिसणार होतं.

त्या दुपारी पाऊस थांबला होता. आपानं मेलेल्या कोंबडीचा गळ्याखालचा गोळा कापून पाहिला. मी मागे उभी होते. तिनं आत बोट घातलं आणि ओढायला लागली. निघालं ते निघतच राहिलं. करडी, ओली, पीळ पडलेली, हातभर लांब वात. अधूनमधून ज्वारीचे दाणे अडकलेले. ती वात आपानं दगडावर ठेवली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "कोंबडीचं आधी इथं साठते. मंग खाली जाते. इथंच गच्च झालं." दाणा साठवायची ती थैली. पत्रकातलं 'क्रॉप' ते हेच, त्या क्षणी मला कळलं. शेतातलं पीक नव्हतं ते. कोश मी परत केलेला होता, पण पाहायची गरज नव्हती.

बेगमला तोच गोळा होता. आपा उठली, अब्बांचा वस्तरा आणला, मिठाचं कोमट पाणी केलं, सुई आणि दोरा आणला. मला म्हणाली, "धर हिले." मी धरलं. आपानं गळ्याखालची पिसं उपटली, कातडी चिमटीत धरली, वस्तरा टेकवला. बेगमनं माझ्याकडे पाहिलं. म्हणजे एका डोळ्यानं पाहिलं, कोंबडी जशी पाहते तशी. आणि मी तिला सोडून पळाले. परसाच्या दारापर्यंत गेले आणि तिथं थिजले, ना पुढे ना मागे. आपा ओरडली, "सलमा! अवं धर ना! एकटीनं कसं करू?"

तेव्हा खाट करकरली.

अम्मा उठून बसली. मग पाय खाली सोडले. भिंतीला धरून उभी राहिली, आणि मला ओलांडून, अक्षरशः माझ्या खांद्यावर हात टेकून, परसात उतरली. चैतापासून ती परसात उतरली नव्हती. आपाच्या समोर ओल्या भुईवर बसली आणि बेगमचे पाय एका मुठीत, पंख दुसऱ्या हाताखाली, असे घेतले की कोंबडी गप्प झाली. "काप," ती म्हणाली.

आपानं कापलं. वात निघाली. मिठाच्या पाण्यानं थैली धुतली. मग सुई घेऊन कातडीवर पहिला टाका घालणार तोच अम्मा म्हणाली, "थांब. काय करून राह्यली?"

"शिवतो."

"दोन्ही एकात? खोळ न् गलेफ एका टाक्यात शिवतं का कधी?" आवाज बारीक होता, पण तो खोळी शिकवतानाचा आवाज होता. "आतली पिशवी आधी. वरचं कातडं मागून. नाई तं मान हालवंन न् दोन्ही फाटंन. आण इकडं." तिनं सुई हातात घेतली. कोंबडी आपानं धरली. अम्मा सुई टोचली की थांबत होती. आतल्या थैलीला पाच टाके, जवळजवळ. गाठ मारली, दाताजवळ नेऊन दोरा तोडला. वरच्या कातडीला चार. मग मान वर करून विचारलं, "अजून कोणाले हाय?"

अजून एकीला होतं. तीही शिवली. बाकीच्या दोघींच्या गळ्यावर तेल लावून आपानं चोळून चोळून गोळा मोकळा केला. संध्याकाळपर्यंत खुराड्यातला सगळा कापूस उपसून उकिरड्यावर टाकला होता. त्या जागी खाली मुरूम, वर शेंगांची टरफलं, मधून मधून राख. रोज दाताळ्यानं खालवर करायचं. हे सगळं अम्मा ओट्यावर बसून सांगत होती, आपा करत होती, आणि मी टरफलांच्या टोपल्या वाहत होते. त्या दिवशी अंडं नव्हतं. अम्मानं भाकर मागितली, ठेच्याबरोबर.

चार दिवसांनी अब्बा आले. अम्मा चुलीपुढे बसलेली पाहून ते दारातच उभे राहिले, पिंजण खांद्यावरच. मग परसात गेले, कोंबड्या मोजल्या, उकिरड्यावर कापूस पाहिला. आत येऊन म्हणाले, "कोंबड्यांले कापूस कोणं टाकला?" आवाज चढलेला नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी तोंड उघडलं. इतकं मला आठवतं, तोंड उघडलं होतं.

"म्या," आपा म्हणाली. "सलमा नको म्हणत होती. पुस्तकात पाहून."

अब्बा माझ्याकडे पाहून हसले. मोठ्या कौतुकानं. माझ्या डोक्यावर हात ठेवून आपाला म्हणाले, "ऐकत जा वं इचं. शिकलेली हाय." आणि मी तोंड मिटलं.

दिवाळी झाली आणि आपाचं लग्न झालं. अम्मा पाहुण्यांत उभी राहून वाढत होती. निघायच्या वेळी पडदे लावलेली दमणी दाराशी आली, बैलांच्या गळ्यात घुंगरं होती. आपा चढली, आणि काकूंनी खालून एक झाकलेली टोपली तिच्या हातात दिली. आत बेगम होती, गळ्याशी पिसं पुन्हा उगवलेली. टोपलीत टरफलं अंथरली होती. आपानं पडदा थोडा बाजूला केला, मला जवळ बोलावलं आणि कानात म्हणाली, "पाह्य वं, तुह्या साहेबानं सांगतलं ते झालंच ना. कोंबडी डोलीत बसली." मी हसले नाही. मला सांगायचं होतं, आणि घुंगरं वाजायला लागली.

त्यानंतर सांगायला किती वर्षं मिळाली! ती माहेरी आली, मी तिच्याकडे गेले, मी शिक्षिका झाले, तिला नातवंडं झाली. आम्ही तासन्‌तास बोललो. त्या दुपारचं बोललो, अम्माच्या टाक्यांचं बोललो. अब्बांना तिनं काय सांगितलं ते मात्र आम्ही दोघींनीही कधी काढलं नाही. मला वाटलं, ती विसरली असेल. धाकटीला वाचवायला त्या वेळी बोललेलं वाक्य, ते तिथंच संपलं असेल.

आता तिच्या जियारतीला, ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी, संग्रामपूरच्या त्या घरात बायका बसल्या होत्या. आपाची मुलगी नूर आपल्या सुनांना म्हणाली, "अम्मी स्वतःवर लय हसे. लहानपणी तिनं कोंबड्यांले कापसाची गादी घातली होती म्हणे, न् त्या मेल्या. ही खालाजान नको नको म्हणत होती, इंग्रजीत वाचून. अम्मी आमाले प्रत्येक गोष्टीत सांगे, आधी सलमाले विचारा, मी एकदा नाई ऐकलं तं काय झालं पाह्यलं ना." सगळ्या माझ्याकडे आदरानं पाहत होत्या. त्या खोलीतही मी तोंड उघडलं होतं. कुणीतरी चहा पुढे केला.

पत्रक माझ्याजवळ आहे. घड्यांवर फाटलेलं, पण दुसऱ्या पानाचा तळ शाबूत आहे. पोरींनो, तुमच्या आजीनं टरफलंच निवडली होती, वाटी बाजूला काढून ठेवली होती. कापूस मी म्हटलं. आणि आपा, ती ओळ मी तुला वाचून दाखवली नाही, ती आता वाचते. एवढंच लिहिलं आहे त्यात: लांब धाग्यांचं अंथरूण घालू नये; कोंबडी ते खाते, आणि ते तिच्या गळ्याखालच्या थैलीत गोळा होऊन बसतं.